अक्काच्या मशीनची किल्ली

अक्का, शेवटी आलो बघ. तू 'ये, ये' म्हणत होतीस तेव्हा आलो नाही. तू गेलीस त्या दिवशी आलो, पण ते येणं धरायचं नाही. त्या दिवशी सगळा गावच आला होता. आज एकटा आलोय. सकाळी कोल्हापुरातनं निघालो आणि साडेनऊला तुझ्या दारात गाडी लावली. सव्वा तास लागला. हे मुद्दाम लिहितोय, कारण गेले नऊ महिने हाच रस्ता मला फार लांबचा वाटत होता.

तुला जाऊन अकरा दिवस झाले. दमलोय. रडून नाही. रडणं पहिल्या दोन दिवसांत झालं ते झालं. सांगून सांगून दमलोय. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "काय झालतं?" मी सांगतो, "हार्ट." मग, "त्रास झाला का?" मी सांगतो, "न्हाय, पटकन गेली." हे 'पटकन' इतक्या वेळा म्हणून झालंय की आता त्या शब्दाचा मला कंटाळा आलाय. आज या माडीवर कुणी विचारणारं नाही. खाली शेजारच्या भारतीवहिनींनी घर झाडून ठेवलंय, चहा ठेवून त्या त्यांच्या घरी गेल्यात. तुझ्या टेबलावर तुझी वही आहे आणि शेजारी ते मशीन, हिरवा दिवा लुकलुकत असलेलं. तू गेलीस हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तू म्हणायचीस, जे केलं ते पहिल्यापासून लिहायचं, वाचणाऱ्याला काहीच माहीत नाही असं धरून. आयुष्यभर पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलंस, त्याची ती सवय. मी तुझं हे कधी ऐकलं नाही. आज ऐकतो.

तर पहिल्यापासून. रिटायर झाल्यावर तू कोल्हापुरातली खोली सोडून इथं आईच्या घरी राहायला आलीस. लग्न केलं नव्हतंस, माणसांची वर्दळ नको म्हणायचीस, आणि महिन्याभरात गावातली निम्मी पोरं तुझ्या माडीवर गणितं सोडवायला बसलेली असायची. या खिडकीतनं नदी दिसते आणि नदीवरचा बंधारा दिसतो. पलीकडच्या गावाला जायला तो बंधारा म्हणजे पाच मिनिटं, आणि तो पाण्याखाली गेला की पुलावरनं वळसा घालून पाऊण तास. पाऊण तास कुणाला नको असतो. म्हणून बंधाऱ्यावर गुडघाभर पाणी असलं तरी माणसं घुसतात. एका पावसाळ्यात तू याच खिडकीतनं एक दूधवाला सायकलसकट आत शिरताना पाहिलास. "ओ पावणं, मागं फिरा! मागं फिरा!" असं तू ओरडत राहिलीस, पण पाण्याच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. माणूस खाली बाभळीला अडकून वाचला. सायकल आणि दुधाचे कॅन गेले. त्या संध्याकाळी तू मला फोन केलास. आवाज पार बसला होता.

"तम्मा, नुसतं वरडून भागत न्हाय. काहीतरी करायला पायजे."

घरात मला तम्मा फक्त तूच म्हणायचीस. आपल्याकडं कर्नाटकाच्या सीमेजवळ धाकट्या भावाला तसं म्हणतातच, पण माझं नाव सन्मती आहे हे तुला चांगलं माहीत होतं आणि रागावल्याशिवाय तू ते कधी उच्चारत नव्हतीस.

दोन महिने खपून तू ते केलंस. बंधाऱ्याच्या खांबाला पाण्याची उंची मोजणारा डबा, आणि इथं माडीवर हे लहानसं लिनक्स मशीन, म्हणजे एक छोटा कॉम्प्युटर. दर पंधरा मिनिटांनी डबा मशीनला उंची कळवणार, आणि पाणी बंधाऱ्याच्या काठाशी आलं की मशीन आजूबाजूच्या गावांतल्या फोनवर मेसेज पाठवणार: बंधाऱ्यावरून जाऊ नका. मेसेज पाठवणारा भाग मी लिहिला. मी कोल्हापुरात दवाखान्यांची, शाळांची कॉम्प्युटर सांभाळतो. तीस वर्षं तेच करतोय. त्यामुळं लांबून मशीनमध्ये शिरून काम करायची सोय असावी, हा आग्रह माझा होता.

आणि तिथंच आपलं पहिलं भांडण. मला साधा पासवर्ड हवा होता. तू तसा ठेवलास, आठवडाभर, आणि मग मला बोलावून मशीनची नोंदवही दाखवलीस. पडद्यावर ओळींमागून ओळी वर सरकत होत्या. जगात कुठून कुठून कोण कोण तुझ्या माडीवरच्या मशीनचा पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करत होतं.

"बघ. दिवसभर जो तो येतोय आणि दार ढकलून बघतोय."

"ढकलू दे की. उघडत न्हाय न्हवं?"

"आज न्हाय उघडत. तुझा पासवर्ड काय हाय मला ठाऊक हाय. आईचं नाव आणि एक-दोन-तीन."

खरं होतं ते. तू लांबून येणाऱ्यांसाठी पासवर्ड बंदच करून टाकलास. यापुढं फक्त किल्ल्यांच्या जोडीनं आत यायचं. जोडीतला एक तुकडा माझ्या लॅपटॉपवर, गुप्त. दुसरा तुझ्या मशीनवर, माझ्या नावाच्या फोल्डरात. मी दोन्हीला किल्लीच म्हणत होतो. सगळे तसंच म्हणतात. तू पोरांना ओरडायचीस तशी मला ओरडलीस. "मशीनवर ठेवतोस ती किल्ली न्हवं, ते कुलूप. कुलूप गावभर वाट. किल्ली मातुर जिवात जीव हाय तवर कुणाला देऊ नको." तीस वर्षं या धंद्यात असून ही गोष्ट मला इतक्या सरळ कुणी सांगितली नव्हती. हे मी तेव्हा तुला म्हणालो नाही. म्हणालो, "बरं, बरं, कळलं."

मशीनवर तू माझं खातं काढलंस त्याचं नावही 'तम्मा'. मी म्हटलं, सन्मती लिही की, व्यवस्थित दिसतं. तू म्हणालीस, मशीनच्या म्होरं कसला आलाय मान.

चार वर्षं ते नीट चाललं. दर मे महिन्याच्या शेवटी तू टेप घेऊन बंधाऱ्यावर जायचीस, डब्यापासून पाणी नेमकं किती खाली आहे ते मोजायचीस, घरी येऊन तो आकडा मशीनला सांगायचीस. त्याला तू 'शून्य लावणं' म्हणायचीस. शून्य चुकलं की पुढचं सगळं चुकतं. या वर्षीचं शून्य लावायच्या आधीच तू गेलीस. म्हणून आज आलोय. तू बोलावलंस म्हणून नाही, शून्य राहिलंय म्हणून. काय आहे ते सरळ लिहितो.

आता गेल्या जुलैचं. तू छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात होतीस. इकडं पाणी चढत होतं आणि मशीन गप्प. मी कोल्हापुरातनं आत शिरलो तर माझा मेसेजचा कार्यक्रम अडकलेला. तो चालवणारं खातं दुसरं, आणि त्याची फाइल माझ्या फोल्डरात. त्याला तिथं लिहायची परवानगी मिळत नव्हती. कुठं अडतंय ते शोधायला अर्धा तास लागला असता. माझ्याकडं वेळ होता खरं तर, पण धीर नव्हता. लिनक्समध्ये तीन आकडे देऊन कुणाला काय करू द्यायचं ते ठरवता येतं. पहिला आकडा मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा बाकी सगळ्या जगाचा. सात म्हणजे वाटेल ते कर. मी माझ्या अख्ख्या फोल्डराला सात-सात-सात देऊन टाकलं. या, कुणीही या, काहीही लिहा. मेसेज गेले. मी खुशीत तुला दवाखान्यात फोन केला.

"झालं बघ. मेसेज गेले."

"काय केलंस?"

"केलं काहीतरी. चाललं न्हवं?"

"काहीतरी म्हंजे काय? काय केलंस ते वहीत लिहायला सांग भारतीला."

"अगं, नाकाला नळी लावलीया आणि वही काय घेऊन बसलीस?"

तू विषय सोडून दिलास. मीही विसरलो. पंधरा मिनिटांत केलेलं आणि न लिहिलेलं काम असंच विसरतं.

ऑगस्टच्या शेवटी तू घरी होतीस, मी सहज मशीनमध्ये शिरायला गेलो, आणि मशीननं एका ओळीत सांगितलं, परवानगी नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. माझी बाजू सगळी तपासली. किल्ली जागेवर होती, तिच्यावर माझ्याशिवाय कुणाचा हक्क नव्हता, पत्ता बरोबर होता. लॅपटॉप पुढं काय घडतंय ते टप्प्याटप्प्यानं दाखवत होता: किल्ली पुढं केली, पलीकडनं ती घेतली नाही. याचा अर्थ मी एकच लावला. माझं कुलूप तिथं नाही. कुणीतरी काढलंय. आणि त्या मशीनपाशी तुझ्याशिवाय कुणी बसत नव्हतं.

संध्याकाळी फोन केला. तू दिवस मावळायच्या आत जेवायचीस, म्हणून आपले फोन नेहमी सात वाजता.

"अक्का, माझं कुलूप काढलंस व्हय तू?"

"मी कशाला काढू?"

"मग मला आत का घेत न्हाय?"

"ते मशीनला इचार."

"मशीनला इचारायला आधी आत जायाला लागतंय!"

तू हसलीस. मी हसलो नाही.

"मग हिकडं ये," तू म्हणालीस. "की-बोर्ड लाव आणि इचार."

मी आलो नाही. घरबसल्या नवीन जोडी तयार केली आणि नवं कुलूप तुला पाठवलं. दहा मिनिटांत तुझा मेसेज, 'लावले.' मी किल्ली चालवली. परवानगी नाही. पुन्हा फोन लावला आणि जे बोललो ते अजून कानात आहे.

"न्हाय लावलंस तू. खोटं बोलालीस."



"सन्मती," तू म्हणालीस. "मी तुझ्याशी कधी खोटं बोललीया?"

"जुलैत माझं काम तुला आवडलं न्हाय म्हणून मला भाईर काढलंस. तसं तोंडावर सांग की. मशीनच्या आडनं कशाला?"

"हिकडं ये."

"मला कामं हायत."

फोन मी ठेवला. तू नाही.

त्यानंतर आपण बोलत नव्हतो असं नाही. बोलत होतो. गोळ्या घेतलीस का, पाऊस किती, माझी पोरगी पास झाली, असलं. प्रत्येक फोनच्या शेवटी तू म्हणायचीस, "ये की एकदा," आणि मी म्हणायचो, "बघतो." भाऊबीजेला पन्नास वर्षांत पहिल्यांदा आलो नाही. एका दवाखान्याचं काम निघालंय म्हणून सांगितलं. काम निघालं होतं, पण ते दुसऱ्या दिवशी केलं असतं तरी चालण्यासारखं होतं. तू म्हणालीस, "बरं. येशील तवा सण." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडायला तरी आलो असतो.

मी नेमका कशावर रागावलो होतो ते आता शोधतोय आणि सापडत नाही. मशीनवर नक्कीच नाही. लहानपणी रविवारी तू मला कॉलेजच्या लॅबमध्ये नेऊन बसवायचीस, मोडका रेडिओ पुढ्यात टाकायचीस आणि म्हणायचीस, खोल. मी जे काही शिकलो ते तिथं. पण तू उत्तर कधी दिलं नाहीस. तारेचं टोक चुकीच्या जागी लावलं तर तू बघत बसायचीस. अर्धा अर्धा तास. मी रडकुंडीला यायचो. शेवटी मला सापडायचं आणि तू फक्त मान हलवायचीस. बावन्नाव्या वर्षीही मला कुठंतरी वाटत होतं की ही बघत बसलीय. तो राग असावा.

मग मे महिन्यात भारतीवहिनींचा फोन आला, दुपारी बाराच्या सुमारास. तू जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलेली सापडलीस. भिंतीला टेकून, हातात वाळवणाची चाळण. मी पोचलो तेव्हा तुला खाली निजवलं होतं.

हे मी आता आणखी लिहीत नाही.

आज सकाळी चहा घेऊन वर आलो. मशीनला तुझा जुना मॉनिटर जोडला, की-बोर्ड लावला. समोर बसून शिरायचं तर पासवर्ड चालतो, तो फक्त लांबून येणाऱ्यांना बंद आहे. हे मला पहिल्यापासून माहीत होतं, अक्का. नऊ महिने माहीत होतं. मी 'तम्मा' टाइप केलं, पासवर्ड टाकला, आणि मशीननं मला आत घेतलं.

पहिल्यांदा कुलपांची फाइल उघडली. त्यात दोन ओळी होत्या. एक चार वर्षांपूर्वीची, माझ्या जुन्या लॅपटॉपच्या नावाची. तिच्याखाली दुसरी, गेल्या ऑगस्टमधली. एकही अक्षर कमी-जास्त नाही. तू लावलं होतंस. जुनं काढलंही नव्हतंस.

चहा गार झाला.

मग विचार केला की तू शिकवलंस तसं करू. शेजारी लॅपटॉप उघडला, किल्ली चालवली. परवानगी नाही. आणि लगेच मशीनची नोंदवही बघितली. लॅपटॉपला ते फक्त 'नाही' म्हणतं, का ते सांगत नाही, आणि बरोबरच आहे, दारातल्या परक्याला कारण कशाला सांगायचं. पण कारण ते आत लिहून ठेवतं. ताजी ओळ होती: प्रवेश नाकारला, फोल्डरची मालकी किंवा परवानग्या चुकीच्या. पुढं फोल्डरचं नाव. तम्मा.

परवानग्या बघितल्या. सात-सात-सात.

तेव्हा जुलै आठवला. सगळाच एकदम आठवला. कुलूप जागेवर होतं, पण ज्या फोल्डरात ते होतं तिथं मी साऱ्या जगाला लिहायची मुभा दिली होती. अशा ठिकाणच्या कुलपावर मशीन विश्वास ठेवत नाही. कारण तिथं कुणीही येऊन आपलं कुलूप अडकवून जाऊ शकतो. हा नियम मी लोकांना समजावून सांगितलाय. एका शाळेच्या क्लार्कला या चुकीबद्दल चांगलं फैलावर घेतलंय. आणि स्वतःचं दार स्वतः बिघडवून मी तुला म्हणालो की तू खोटं बोलतेस.

तुझी वही ओढली. जुलैच्या पानावर तुझ्या अक्षरात होतं: 'तम्माने काहीतरी केले.' दवाखान्यातनं आल्यावर लिहिलं असणार. मला हसू आलं, खरंच आलं. पुढं पानं उलटली. डबा धुतला, बॅटरी बदलली, पाणी उतरले. आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला, आपल्या भांडणानंतर चार-पाच दिवसांनी, एक ओळ.

'तम्माचे काहीतरी सापडले. आल्यावर दाखवणे.'

वही घेऊन खाली गेलो. भारतीवहिनी त्यांच्या कट्ट्यावर भाजी निवडत होत्या. त्यांना ती ओळ वाचून दाखवली.

"व्हय, मला ठाव हाय," त्या म्हणाल्या. "सापडलं तवा मला हाक मारून सांगितलंतं अक्कांनी. लई खूश झालत्या."

"मग मला का सांगितलं न्हाय? एक फोन करायचा."

वहिनींनी हातातली जुडी खाली ठेवली. "मी बी तेच म्हटलं. सांगून टाका की भावाला, कशाला घोळ. तर म्हणाल्या, फोनवर सांगितलं तर त्यो यायचा न्हाय. तिकडंच बसून नीट करंल. येऊ दे त्याला."



"दर रविवारी म्हणायच्या, आज येतोय का बघू," वहिनी म्हणाल्या, आणि मग त्यांना वाटलं असावं की हे सांगायला नको होतं, कारण त्या भाजी उचलून आत गेल्या.

अक्का, एक ओळ होती. टाइप करायला पाच सेकंद. तू दुरुस्त केलं असतंस आणि नुसतं 'आता बघ' म्हटलं असतंस, तर मी त्या रात्रीच माफी मागितली असती. फोनवर मागितली असती, पण मागितली असती. तू नऊ महिने बघत बसलीस, रेडिओपुढं बसायचीस तशी. मी लहान नव्हतो आता, आणि तुझ्याकडं अर्धा तासही उरला नव्हता. हे चुकलं तुझं. तू समोर असतीस तर मोठ्यानं म्हणालो असतो, आणि तू म्हणाली असतीस, "आणि तुझं?" आणि मी गप्प बसलो असतो. कारण तुझं चुकलं ते मी यावं म्हणून. माझं चुकलं ते न येण्यासाठी. दोन्ही सारखं नाही, एवढं गणित मलाही येतं.

तू ते दुरुस्त केलं नाहीस, यात तुला किती वाट बघायला लागली असेल, ते मी आज दिवसभर मोजत नाहीये. मोजलं तर उठवणार नाही.

मग वर आलो आणि काम केलं. फोल्डरात लिहायचा हक्क परत फक्त मालकाला दिला. मेसेजचा कार्यक्रम माझ्या फोल्डरातनं काढून सगळ्यांसाठीच्या जागी नेला, जिथं तो पहिल्यापासून असायला हवा होता. लॅपटॉपवरनं किल्ली चालवली. एक क्षण थांबलं आणि मशीननं आत घेतलं. वहीत सगळं लिहिलं, काय केलं, का केलं, जुलैत काय केलं होतं तेही. सही केली, सन्मती. मग खोडून तम्मा लिहिलं.

दुपारी टेप घेऊन बंधाऱ्यावर गेलो. ऊन होतं, पाणी खाली, शेवाळाचा वास. तू एकटी हे कसं करायचीस कोण जाणे; टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतोच. शेवटी दगड बांधून सोडलं. तीनदा मोजलं, तीनदा वेगळं आलं, चौथ्या आणि पाचव्या वेळी सारखं आलं. तो आकडा मशीनला दिला.

तुझ्या खात्याचं राहिलं होतं. तुझी किल्ली तुझ्या टॅबलेटवर आहे आणि टॅबलेट माझ्या बॅगेत. शिकायला आलेलं एक पोरगं पुण्याला गेलं तेव्हा तू त्याच दिवशी त्याचं कुलूप काढलं होतंस. पोराला वाईट वाटेल म्हटलं तर म्हणालीस, वाईट वाटायचा काय संबंध, माणूस गेलं की कुलूप काढायचं, मागं उघडं दार ठेवायचं न्हाय. मी तुझी फाइल उघडली. ती ओळ निवडली. काढली. वहीत लिहिलं. त्यानंतर माझ्याच्यानं तासभर काही झालं नाही.

पाच वाजता निघायचं म्हणून सगळं बंद करताना मशीनवर आलेले मेसेज दिसले. मशीनच्या फोन नंबरवर कुणी उलट लिहितं हे मला माहीतच नव्हतं. मी कार्यक्रम लिहिला तो फक्त पाठवण्याचा. पण लोकांनी तो नंबर तुझ्या नावानं ठेवलेला. 'अक्का, मोटर वर घेऊ का?' 'अक्का, पोरगीला स्थळ आलंय, बोलायचं हाय.' 'अक्का, जेवला का?' आणि प्रत्येकाला तू उत्तर दिलेलं. चार वर्षांची उत्तरं. मोटर घ्या वर. बोलूया, घरी या. जेवले.

सगळ्यात खाली आजचा, दुपारचा. पलीकडच्या गावच्या उपकेंद्रातली नर्स. बाळंतपणाला माहेरी गेली होती, आज कामावर आली, असं तिच्याच मेसेजमधनं कळलं. 'अक्का, मी आले. उद्यापासून परत बंधाऱ्यावरनं येणार. पाणी चढलं की लगेच सांगा, बाळ घरी ठेवून येते.' तिला कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

मी तुझ्या नावानं 'सांगते' असं लिहिलं. पाठवायच्या आधी पुसलं. मेसेजवर लिहिण्यासारखं ते नव्हतंच. नंबर बघून माझ्या फोनवरनं फोन केला.

"मी सन्मती. अक्कांचा भाऊ, कोल्हापूरचा."

"हां, तम्मादादा न्हवं? अक्का लई बोलायच्या तुमचं. हायत कुठं त्या? मेसेजला उत्तर न्हाय."

मी सांगितलं. तिकडं बाळ रडत होतं, तिनं त्याला कुणाकडं तरी दिलं. मला वाटलं आता विचारणार, काय झालतं, त्रास झाला का. तिनं तसलं काही विचारलं नाही.

"मग दादा," ती म्हणाली, "आता पाण्याचं कुणाला इचारायचं?"

"मला विचारा," मी म्हणालो. "अक्कांच्याच नंबरवर. मी उत्तर देतो."